शेवटची सही माणसाची असली, म्हणजे हक्क सुरक्षित राहतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: विभागात मदत-योजनेच्या अर्जांची छाननी आता एआय प्रणाली करणार आहे. ती प्रत्येक अर्जाला 'जोखीम गुण' (अर्ज खोटा असण्याची शक्यता किती, याचा आकडा) देईल आणि जास्त गुणांचे अर्ज चौकशीसाठी वेगळे काढेल. शेवटची सही मात्र तुमची. वरिष्ठांचं म्हणणं, निर्णय माणूसच घेतोय, मग यात मानवी हक्क आले कुठे? तुम्हाला हे पटत नाही, पण नेमकं काय विचारावं तेही सुचत नाही.

तुमची शंका रास्त आहे. अशा प्रणाली लोकांच्या हक्कांच्या बाजूने तपासून पाहणं हेच गेली बरीच वर्षं माझं काम आहे, आणि 'सही तर माणसाचीच आहे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक बैठकीत माझ्या कानावर पडतं. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी मूळ प्रश्न नीट मांडू. निर्णय यंत्राने घेतला की माणसाने, या वादात अडकलं की ज्याचा अर्ज अडकलाय तो माणूस नजरेआड होतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर तीनच गोष्टी महत्त्वाच्या असतात. माझा अर्ज का अडकला हे मला कळेल का? ते चूक असेल तर मी कुणाला सांगू? आणि ज्याला सांगेन त्याच्या हातात तो निर्णय बदलायची ताकद आहे का? 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात सामाजिक सुरक्षेचा हक्क आहे, कायद्यापुढे समानतेचा आहे, खासगीपणाचा आहे, आणि आठव्या कलमात, हक्क डावलला गेला तर परिणामकारक दाद मागण्याचाही आहे. एआयची चर्चा बहुतेक वेळा खासगीपणाभोवती फिरते. मी जे पाहिलंय त्यात सगळ्यात आधी आणि सगळ्यात गुपचूप जातो तो हा दाद मागण्याचा हक्क.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सांगायला हवं. जास्त गुण मिळाल्यावर पुढे काय होतं, यावर बरंच ठरतं. फक्त एक फोन येणार असेल आणि मदत चालू राहणार असेल, तर धोका मर्यादित आहे. मदत त्याच दिवशी थांबणार असेल, तर तो गुण म्हणजेच शिक्षा. त्याच तंत्राने पात्र असूनही अर्ज न केलेली माणसं शोधली जात असतील, तर मी त्या प्रणालीच्या बाजूने उभी राहीन, कारण तिथे चूक झाली तर फार तर एखाद्याला उगाच एक पत्र जाईल. तुमच्या देशातला कायदा काय सांगतो, अपिलाची सोय आहे का, यावरही फरक पडतो. पण तुम्ही वर्णन केलेली प्रणाली संशय घेण्यासाठी आहे, आणि ज्यांच्यावर संशय घेणार त्यांच्यासाठी ही मदत बहुधा चैनीची गोष्ट नाही. त्यामुळे पुढचं सगळं मी त्याच अंगाने लिहिते.

आता सहीबद्दल. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. तिथल्या कर विभागाने अर्जांना जोखीम गुण देणारं, स्वतःहून शिकत जाणारं मॉडेल वापरलं. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही त्यात एक निकष होता. गुण जास्त आले की फाइल तपासायला अधिकाऱ्याकडे जायची. म्हणजे माणूस मध्ये होता. पण गुण जास्त का आले, हे त्या अधिकाऱ्याला सांगितलंच जात नसे. समोर संशयित ठरलेली फाइल, कारण माहीत नाही, आणि नियमांचा अर्थ असा कठोर लावलेला की एखादी सही राहिली किंवा थोडी रक्कम भरायची राहिली तरी पूर्ण भत्ता परत मागायचा. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली, हजाराहून जास्त मुलं त्या काळात घरापासून दूर सरकारी देखरेखीखाली गेली, आणि जानेवारी 2021 मध्ये पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. त्या सगळ्या साखळीत सही करणारी माणसं जागोजागी होती.

असं का होतं, ते स्क्रीनसमोर बसल्यावर कळतं. मी तपासलेल्या एका प्रणालीत अर्ज उघडला की सगळ्यात वर, नावाच्याही आधी, लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका दिसायचा. खाली दोन बटणं. लाल अर्ज 'चौकशीस पाठवा' म्हटलं की एका क्लिकमध्ये पुढची फाइल समोर यायची. तोच लाल अर्ज 'मंजूर' म्हटलं की एक चौकट उघडायची, त्यात कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही, आणि ते कारण अधिकाऱ्याच्या नावानिशी वरिष्ठांच्या मासिक अहवालात जायचं. यंत्राशी सहमत होणाऱ्याला मात्र एक अक्षरही लिहावं लागायचं नाही. अशी रचना असली की अधिकारी कितीही सज्जन असला तरी संध्याकाळपर्यंत तो लाल ठिपक्याच्या मागेच जाणार. दिवसाला शंभर फाइली उरकायच्या असतील तर आठ तासांत एका फाइलीला पाच मिनिटंही मिळत नाहीत, आणि त्या पाच मिनिटांत यंत्राच्या विरोधात जायचं म्हणजे स्वतःची मान पुढे करायची. यंत्रावर विसंबून राहण्याचा हा ओढा इतका जुना आणि ओळखीचा आहे की युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्यातही मानवी देखरेखीच्या कलमात त्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

'निर्णय तर माणूसच घेतो' ही सबब न्यायालयांनीही ओळखली आहे. जर्मनीतली शूफा ही संस्था लोकांना पतगुण देते आणि बँका त्यावरून कर्ज द्यायचं की नाही ते ठरवतात. शूफाचं म्हणणं होतं, आम्ही फक्त आकडा देतो, निर्णय बँकेचा. 7 डिसेंबर 2023 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने हे मान्य केलं नाही. समोरची संस्था त्या आकड्यावर मोठ्या प्रमाणात विसंबून निर्णय घेत असेल, तर तो आकडा काढणं हाच स्वयंचलित निर्णय, असं न्यायालयाने म्हटलं. वरिष्ठांशी बोलताना हा निकाल हाताशी ठेवा. तुमच्याकडे तो बंधनकारक नसेलही, पण त्यातला तर्क कुठेही लागू पडतो.

आता एक हिशेब करू, कारण माझ्या अनुभवात बैठकीतलं वातावरण सगळ्यात लवकर बदलतं ते याने. समजा दहा हजार अर्ज आले आणि त्यात खरोखर खोटे शंभर आहेत. प्रणाली चांगली आहे: शंभर खोट्यांपैकी नव्वद पकडते, आणि प्रामाणिक अर्जांपैकी 95 टक्क्यांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम वाटतं. पण प्रामाणिक अर्ज 9,900 आहेत आणि त्यांचे पाच टक्के म्हणजे 495. एकूण 585 अर्जांवर लाल ठिपका येईल आणि त्यातले 495 निर्दोष असतील. म्हणजे तुमच्या टेबलावर येणाऱ्या दर सहा-सात लाल फाइलींमागे खरोखर खोटी फाइल एकच. 'अचूकता 95 टक्के' असं सादरीकरणात लिहिलेलं असतं तेव्हा हे कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही बहुधा ते माहीत नसतं. ज्या गोष्टीचं मूळ प्रमाण कमी असतं ती शोधायला निघालं की निर्दोष माणसं जाळ्यात सापडणारच. हक्कांचा प्रश्न इथे सुरू होतो: त्या 495 जणांचं तुम्ही काय करणार?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने बेरोजगार भत्त्यातले घोटाळे शोधायला 2013 मध्ये मिडास नावाची प्रणाली आणली. पुढे राज्यानेच फेरतपासणी केली, तेव्हा फक्त संगणकाने निकाली काढलेल्या 22 हजारांहून अधिक प्रकरणांपैकी 93 टक्के प्रकरणांत घोटाळा नव्हताच. तोवर लोकांचे पगार आणि करपरतावे जप्त झाले होते.

प्रणाली नेमकं कशाचं भाकीत करते, हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. 'फसवणूक' असं उत्तर मिळेल. तिथे थांबू नका. फसवणूक यंत्राला दिसत नाही, त्याला जुन्या नोंदी दिसतात. पूर्वी कुणाची चौकशी झाली, कुणाचे अर्ज नाकारले गेले, कुणाकडून वसुली झाली, यावर ते शिकतं. पूर्वी एखाद्या वस्तीतल्या लोकांची जास्त चौकशी झाली असेल, तर त्या वस्तीत जास्त चुका सापडलेल्या असणार, आणि यंत्र ती वस्तीच धोक्याची समजणार. जात, वंश, धर्म हे रकाने काढून टाकले म्हणजे भागतं असंही नाही. पत्ता, आडनाव, कुटुंबातली माणसं, किती वेळा नोकरी बदलली, यातून तीच माहिती मागच्या दाराने आत येते.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण आरोग्यसेवेतलं आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांत, कोणत्या रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे हे ठरवणारी एक प्रणाली होती. 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात तिचा अभ्यास आला. प्रणालीत वंशाचा रकानाच नव्हता. ती भाकीत करत होती ते पुढच्या खर्चाचं, आणि खर्च म्हणजेच आजाराची तीव्रता असं धरलेलं होतं. पण कृष्णवर्णीय रुग्णांवर तितक्याच आजारपणात कमी खर्च होत आला होता, कारण त्यांना उपचार कमी मिळत होते. त्यामुळे सारखेच गुण असलेल्या दोघांपैकी कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी असायचा. ही तफावत दुरुस्त केली तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असं अभ्यासकांनी दाखवलं. ज्यांनी प्रणाली बनवली त्यांना भेदभाव करायचा होता, असं मानायचं कारण नाही. त्यांनी फक्त सोपं मोजता येईल ते मोजलं.

याला जोडून एक मागणी अवश्य करा, तिला खर्चही फारसा नाही. लाल अर्जांबरोबर काही हिरवे अर्जही चिठ्ठ्या टाकून काढा आणि त्यांची तितकीच कसून चौकशी करा, तीही कोणता अर्ज कोणत्या रंगाचा हे अधिकाऱ्याला न सांगता. फक्त लाल अर्ज तपासले तर चुका फक्त तिथेच सापडणार, आणि प्रणाली दरवर्षी स्वतःला बरोबर ठरवत राहणार. चिठ्ठीने काढलेल्या अर्जांत जवळपास तितक्याच चुका निघाल्या, तर लाल ठिपक्याला काही अर्थ नाही हे सिद्ध होईल. माझा अनुभव असा की ही मागणी केली की प्रणाली विकणाऱ्या पुरवठादाराची माणसं गप्प होतात आणि विभागातली जुनी माणसं लगेच मान डोलावतात.

कुणी म्हणेल, माणूसही पक्षपाती असतोच. खरं आहे. अर्जदाराच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून ठरवणारे अधिकारी मीही पाहिलेत, आणि जुनी व्यवस्था चांगली होती असं मी म्हणणार नाही. फरक इतकाच की एका अधिकाऱ्याची खोड त्याच्या टेबलापुरती राहते, शेजारच्या टेबलावर वेगळा निकाल लागू शकतो. प्रणालीतली चूक एका दिवसात सगळ्या अर्जांवर सारखीच बसते. उलट बाजूने, प्रणालीचा प्रत्येक गुण नोंदवलेला राहतो, त्यामुळे भेदभाव झाला का हे आकड्यांत तपासता येतं. माणसाच्या मनातलं तसं तपासता येत नाही. ही यंत्राची खरी जमेची बाजू आहे, पण त्या नोंदी जपल्या आणि बाहेरच्या कुणाला पाहू दिल्या तरच.

पुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सिद्ध कुणी करायचं? ऑस्ट्रेलियातलं 'रोबोडेट' प्रकरण इथे पाहण्यासारखं आहे. त्यात एआय असं काही नव्हतंच, साधा भागाकार होता. कर विभागाकडे असलेलं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, 26 पंधरवड्यांत सारखं वाटायचं, आणि भत्ता घेताना व्यक्तीने सांगितलेल्या पंधरवड्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहायचं. जो सहा महिने काम करतो आणि सहा महिने बेकार असतो, त्याच्या बेकारीच्या काळातही कागदावर उत्पन्न दिसायला लागलं, आणि 'तुम्ही जास्त पैसे घेतलेत, परत करा' अशी पत्रं गेली. चार लाखांहून अधिक लोकांना याची झळ बसली. चूक नाही हे दाखवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली होती, तीही कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणून. 2023 च्या रॉयल कमिशनच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या, अहवालाने ही योजना ना न्याय्य होती ना कायदेशीर, असा निष्कर्ष काढला. 'आमची प्रणाली साधी आहे, एआय म्हणावं इतकीही नाही' असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर हे प्रकरण आठवा. हक्कांची हानी गणिताच्या अवघडपणावर अवलंबून नसते.

म्हणून माझा आग्रह असतो की जोखीम गुण हा पुरावा मानायचा नाही. गुणामुळे फाइल उघडावी, पण मदत थांबवायला स्वतंत्र, माणसाला दाखवता येईल असं कारण हवं, आणि ते दाखवून त्याचं म्हणणं ऐकेपर्यंत मदत चालू राहायला हवी. यात नवं काही नाही, नैसर्गिक न्यायाचं जुनंच तत्त्व आहे.

हे प्रत्यक्षात उतरलंय का, ते मी एका कागदावरून ओळखते: अर्जदाराला जाणारं पत्र. प्रणाली सुरू होण्याआधीच त्याचा मसुदा मागून घ्या. 'आपला अर्ज निकषांत बसत नसल्याने पुढील तपासणीसाठी प्रलंबित आहे' असं एक ओळीचं पत्र असेल, तर त्या माणसाच्या हातात काहीच नाही. कोणता निकष, कोणती नोंद, कुठे जायचं, त्याला कळणार नाही. त्याऐवजी पत्रात असं हवं: 'आमच्याकडील नोंदीनुसार मार्च महिन्यात आपल्या नावावर अमुक मालकाकडून पगार जमा झाला आहे. अर्जात आपण बेरोजगार असल्याचे लिहिले आहे. ही नोंद आपली नसल्यास किंवा चुकीची असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा. तोपर्यंत मदत चालू राहील.' हे वाचून कुणीही सांगू शकेल, 'अहो, हा माझ्याच नावाचा दुसरा माणूस आहे.' नाव-जुळणीत दोन माणसांच्या नोंदी एकत्र होणं ही मला सतत दिसणारी चूक आहे, आणि ती फक्त त्या माणसालाच पकडता येते. असं पत्र लिहिता येत नसेल, म्हणजे विभागालाच कारण माहीत नसेल, तर तो निर्णय घ्यायचा अधिकारही विभागाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण विचारलं की 'व्यापारी गुपित' हे उत्तर येईल. अमेरिकेत ह्यूस्टनच्या शाळांत शिक्षकांचं मूल्यमापन एका खासगी कंपनीच्या सूत्राने होत होतं आणि कमी गुणांवर नोकरी जाऊ शकत होती. स्वतःचे गुण पडताळून पाहायची सोय शिक्षकांना नव्हती, कारण सूत्र गुप्त. 2017 मध्ये न्यायालयाने शिक्षकांचा दावा पुढे चालवायला परवानगी दिली आणि त्यानंतर तडजोड होऊन, पडताळता न येणाऱ्या गुणांवरून कुणाला काढायचं नाही, हे मान्य झालं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की नुसतं गणिती सूत्र हातात देणं म्हणजे स्पष्टीकरण नव्हे, माणसाला समजेल अशा भाषेत ते द्यायला हवं. आणि गुपिताचा दावा असेल तर माहिती न्यायालयाला किंवा नियामकाला द्यावी, गुपित आणि माणसाचा हक्क यांतला तोल तिथे ठरेल. करार होण्याआधी टेंडरमध्येच हे लिहून घेतलं तर पुढची भांडणं वाचतात. करार झाल्यावर ही दारं बंद झालेली असतात.

तुमच्या हातात काय आहे, ते सांगते. एका अधिकाऱ्याने प्रणाली थांबवावी अशी अपेक्षा नाही. पण चार प्रश्न लेखी विचारा, तोंडी नको: प्रणाली कोणत्या जुन्या निर्णयांवरून शिकली, निर्दोष असून लाल ठरणाऱ्यांचं प्रमाण किती, गुणाच्या विरोधात निर्णय दिला तर माझ्यावर काय परिणाम होतो, आणि लाल ठरलेल्याची मदत चौकशीपर्यंत चालू राहते का. स्क्रीनवर गुण आधी दिसत असेल, तर तो फाइल वाचून अधिकाऱ्याने मत नोंदवल्यानंतरच दिसावा, असं सुचवा. छोटा बदल आहे, पण मी जिथे जिथे तो करवून घेतला तिथे अधिकारी पुन्हा स्वतः फाइल वाचायला लागले. आणि कारण लिहायची चौकट दोन्ही बाजूंना ठेवायला सांगा: लाल मान्य करायचा असेल तरी कारण लिहायचं.

उत्तरं समाधानकारक आली नाहीत तर प्रणाली न आणणं हाही एक पर्याय आहे, आणि तो कमीपणाचा नाही. ॲमस्टरडॅम शहराने मदतीच्या अर्जांसाठी असंच मॉडेल बनवलं, भेदभाव टाळायला मनापासून खटपट केली, तज्ज्ञांना आणि लाभार्थींच्या प्रतिनिधींना बोलावलं. प्रत्यक्ष अर्जांवर चाचणी घेतली तेव्हा भेदभाव पुन्हा डोकावला, आणि शहराने 2023 मध्ये ते गुंडाळून ठेवलं. त्या प्रतिनिधींनी तर सुरुवातीलाच हरकत घेतली होती. तुमच्याकडे लाभार्थींची संघटना असेल तर तिला पहिल्या बैठकीलाच बोलवा. पुरवठादाराला जे प्रश्न सुचत नाहीत ते त्यांना लगेच सुचतात, कारण रांगेत तेच उभे असतात.

आणि तुमची सही ज्या कागदावर जाणार आहे, त्यावर तुम्ही स्वतः काय पाहिलं, कोणती नोंद तपासली, हे दोन ओळींत लिहून ठेवायची सवय आतापासून लावा. उद्या कुणी अपील केलं तर सुनावणीत त्या दोन ओळीच अर्जदाराच्या आणि तुमच्याही उपयोगी पडतील. प्रणाली कोणत्या नोंदींवर शिकली याचं उत्तर मिळालं की इथे लिहा. त्यावरून पुढे काय तपासायचं ते जास्त नेमकेपणाने सांगता येईल.